कांद्याची शिदोरी
(ओतूर येथें शेतकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



ओतूरच्या बाजारांत कांद्याच्या थप्प्या पाहत लहानाचे मोठे झालेल्यांना कांदा म्हणजे काय हें मीं सांगावें, हें धाडसच आहे. तरी विचारतों, त्याचें वजन येतें कोठून? मातींतून, असें आपण म्हणाल.

सतराव्या शतकांत व्हान हेल्मोंट नांवाच्या गृहस्थानें वजन केलेल्या मातींत वाळुंजाच्या जातीचें रोप लावून 5 वर्षें नुसतें पाणी घातलें. झाड 164 पौंडांनीं वाढलें. माती घटली अवघी 2 औंस! त्याला वाटलें, सारें पाण्यानेंच केलें. तें अर्धेंच खरें. हवेंतला कर्बवायु पानाच्या बारीक छिद्रांतून आंत जातो, मुळें पाणी पोंचवितात, आणि पानाचा हिरवा रंग उन्हाच्या जोरावर त्यांची साखर करतो. म्हणजे पात ही रांधणारी आणि कांदा ही कोठी. कांद्याचे पापुद्रे तरी काय? पातीचेच फुगलेले बुडखे.

कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारीं तांदळाच्या पिंडी रचतात, त्या राहूं द्या. घरच्या तांदळाच्या पिठावर आयोडिनचा थेंब टाका. निळेंकाळें होईल, कारण तो सांठा पिष्टाचा. कांदा निळा होणार नाहीं. त्याचा सांठा साखरेच्या जातीचा.

हा सांठा तो आपल्यासाठीं करीत नाहीं. पुढें डेंगळा काढून बीं धरायला ती त्याची शिदोरी. पात हिरवी असतांना कांदा उपटला तर शेवटची भर कोठींत पडतच नाहीं, आणि जाड ओल्या मानेंतून सड शिरते. मग बराखींत कांदा नासला कीं आपण नशिबाला आणि शेजारणीच्या दृष्टीला बोल लावतों!

निम्म्या माना आपोआप पडल्या कीं काढणी करा. त्याआधीं 10-15 दिवस पाणी तोडा. लावणीला 60 दिवस झाल्यावर युरिया नको, मान जाडावते. काढलेला कांदा पातीनें झांकून वावरांतच 3-4 दिवस सुकवा, मग इंचभर मान ठेवून पात कापा.

सोसायटीचा हप्ता माना पडेपर्यंत थांबत नाहीं, हें मला ठाऊक आहे. निकड असेल त्यानें कोंवळा कांदा खुशाल विकावा. पण लगेच विकावा, बराखींत भरूं नये. बराखींतही कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, आपलीच साखर खातो, म्हणून वजन घटतें. कोंब दिसला कीं त्यानें शिदोरी सोडली असें समजा, आणि तो ढीग आधीं बाजारांत न्या.