सुट्टीतील ऊन आणि घरचे उपाय

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय पाहून काहींना वाटेल की, ज्ञातीच्या व्यासपीठावर विद्यावृद्धी, संघटना, परस्परसाहाय्य असे थोर विषय असताना आम्ही हे उन्हाचे पुराण का लावले? परंतु वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या घरोघरी काय चालते ते आठवून पाहावे. कोणी कुलदैवताच्या दर्शनास गोव्याकडे निघतो, कोणी कोकणातील मूळ घरी आंबे-फणस खाण्यास जातो, कोणी गणपतीपुळ्यास वा तारकर्लीस समुद्रस्नानाचा बेत आखतो. चार दिवसांनी घरी परतलेल्या मुलांचे खांदे, नाक आणि मान पाहिली की माजघरात एकदम दोन प्रश्न उभे राहतात. एक, “बाळाची आग कशाने थांबेल?” आणि दुसरा, “पोर केवढी काळवंडली, आता रंग कशाने उजळेल?” हे दोन प्रश्न निराळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे दाहाचे उपचार बाजूस राहतात व भाजलेल्या कातडीवर भलतेच प्रयोग होतात. म्हणूनच या सामान्य विषयावर बोलण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम ऊन लागते म्हणजे काय होते ते समजून घेऊ. सूर्याच्या प्रकाशात आपल्याला उष्णता जाणवते आणि उजेड दिसतो. परंतु डोळ्यांना न दिसणारे व कातडीला उष्ण न लागणारे असेही काही किरण त्यात असतात. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने जांभळ्या रंगापलीकडील अंधारात रौप्यक्षार काळा पडतो असे दाखवून त्यांचा शोध लावला. त्यांनाच आपण अतिनील किरण म्हणतो. कातडी जाळतात ते मुख्यतः हेच. ते उष्ण लागत नसल्यामुळे भाजत असताना कळत नाही. लाली काही तासांनी उमटते आणि दाह साधारणतः बारा ते चोवीस तासांत शिगेला पोहोचतो. सकाळी वाळूत हुंदडणारे मूल दुपारी जेवते, संध्याकाळी खेळते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच रडू लागते, ते यामुळे.

यातून काही भ्रम उत्पन्न झाले आहेत. वारा गार असला की ऊन लागत नाही, हा पहिला. महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणी हवा शीतल असते खरी, परंतु दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. बर्फाच्छादित प्रदेशात तर ताजा बर्फ यांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण उलट अंगावर फेकतो. पाण्यात डुंबले की ऊन बाधत नाही, हा दुसरा भ्रम. अर्धा मीटर खोल पाण्यातही हे किरण बरेचसे पोहोचतात. शिवाय वाळू आणि लाटांचा फेस खालून ते परावर्तित करतात. विरळ ढग आले म्हणजे धोका टळला, हा तिसरा. आणि सावळ्या माणसाला ऊन लागत नाही, हा चौथा. सावळ्या वर्णाला निसर्गाने अधिक संरक्षण दिले आहे हे सत्य. पण ते पूर्ण कवच नव्हे. अशा कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांनी निर्णय न करता हात लावून पाहावे. कातडी गरम, ताणलेली व दुखरी लागली तर ती भाजली आहे असे समजावे.

आता घरगुती उपायांकडे वळू. आम्ही डॉक्टर नाही. परंतु शाळेच्या सहली नेताना जे उपयोगी पडलेले पाहिले आणि जाणकार डॉक्टरही ज्यास संमती देतात, तेवढेच येथे सांगतो.

पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे थंड पाणी, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. मुलाला ताबडतोब सावलीत आणावे, साध्या गार पाण्याने अंघोळ घालावी आणि नंतर भिजवून पिळलेल्या मऊ सुती पंचाच्या घड्या दहा-पंधरा मिनिटे दुखऱ्या भागावर ठेवाव्या. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. बर्फ मात्र थेट कातडीवर ठेवू नये. भाजलेल्या कातडीस त्याने दुसरी इजा होते. अंग पुसताना खसाखसा न चोळता टिपून घ्यावे, आणि साबण त्या भागावर दोन-तीन दिवस लावू नये.

दुसरा उपाय कोरफडीचा. कोकणातील पुष्कळ परसदारी तिचे एखादे झुडूप असतेच. पान कापल्यावर जो पिवळा, कडू चीक निघतो तो पूर्ण निथळू द्यावा व पान धुऊन घ्यावे, कारण त्या चिकाने काहींच्या अंगाला खाज सुटते. मग आतील निर्मळ गर हलक्या हाताने लावावा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडा लावून पाहिल्यास उत्तम. त्याने थंडावा मिळतो आणि ताण कमी होतो. गार ताकात भिजविलेल्या घड्या किंवा किसलेल्या काकडीचा लेप हेही दाह शमवितात. मात्र कातडी अखंड असेल तरच. फोड आलेले किंवा फुटलेले असतील तेथे दही, ताक, काकडी वा कोणताही पाला लावू नये. त्यातून जंतूंचा शिरकाव होतो. चंदनाचा पातळ लेप गार वाटतो, परंतु तो वाळून कडक होऊ देऊ नये. ओला असतानाच पाण्याने धुऊन टाकावा.

तिसरा उपाय पोटातून करावयाचा. भाजलेली कातडी अंगातील पाणी खेचते आणि उन्हात घामही पुष्कळ गेलेला असतो. म्हणून शहाळ्याचे पाणी, पातळ ताक, कैरीचे पन्हे, आमसुलाचे सरबत ही आपली पेये वारंवार द्यावी. मधुमेह असलेल्यांनी साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी मीठ आपल्या पथ्याप्रमाणे घ्यावे. अशक्तपणा अधिक असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, अशी समजूत आहे. कांदा भाकरीबरोबर पोटात गेला तर थोडे पाणी तरी देतो. खिशात तो केवळ खिसा वासाळ करतो.

चौथा उपाय तेलाचा, पण त्याची वेळ महत्त्वाची. पहिल्या दिवशी कातडी तापलेली असता खोबरेल, तूप किंवा लोणी थापल्यास उष्णता आत कोंडते. दाह ओसरला आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघू लागले, म्हणजे खोबरेलाचा हलका हात फिरवावा. कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, ज्यास गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, तेही अशा वेळी सुखकर होते. पापुद्रे ओढून काढू नयेत. ते आपोआप गळू द्यावे. समुद्रावर जाण्यापूर्वी अंगाला खोबरेल चोपडल्याने ऊन बाधत नाही, हा समज मात्र खरा नाही.

हे सर्व उपाय दाह शमवितात. झालेली हानी ते भरून काढत नाहीत. ते काम शरीर स्वतः करते आणि त्याला अवधी द्यावा लागतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. उन्हाने वर्ण गडद होतो तो रोग नव्हे. पुढील उन्हापासून आपले रक्षण व्हावे म्हणून कातडीने केलेली ती तरतूद आहे आणि काही आठवड्यांत ती आपोआप ओसरत जाते. परंतु सुट्टीनंतर वधूवर मेळावा किंवा पाहण्याचा कार्यक्रम असला की घरातील वडीलधाऱ्यांना धीर धरवत नाही. मग भाजलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळले जाते, डाळीच्या पिठाने रगडले जाते, टूथपेस्ट फासली जाते. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले तर कातडीवर फोड येऊन काळे चट्टे पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. म्हणजे उजळण्यासाठी जे केले त्यानेच डाग पडले!

याहून भयंकर आहे ती गोरेपणाची ट्यूब. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणलेल्या अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने आठ दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, नको तेथे लव वाढते आणि साधे ऊनही सोसवेनासे होते. काही नाव-गाव नसलेल्या मलमांत पारा आढळला आहे. केरळात २०२३ साली अशी मलमे वापरणाऱ्या काही रुग्णांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानी आले. चेहऱ्याच्या छटेसाठी मूत्रपिंड पणास लावणे हा कोणत्या शहाणपणाचा व्यवहार? आपल्या मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, घरे सांभाळू लागल्या. तरी स्थळाच्या माहितीपत्रकात पहिला रकाना वर्णाचा असावा, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही. तो रकाना काढून टाकावा अशी नम्र सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत. तो गेला तर निम्म्या ट्यूबा आपोआप घराबाहेर जातील.

घरगुती उपायांचीही मर्यादा असते, आणि ती ओळखणे हेच गृहिणीचे व गृहस्थाचे खरे चातुर्य. अंगाच्या मोठ्या भागावर फोड आले, ताप व थंडी भरली, उलट्या होऊ लागल्या, फोडातून पू दिसला किंवा एक वर्षाच्या आतील बालक भाजले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. फोड घरी सुईने फोडू नयेत. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये. जे कोणी रक्तदाबासाठी वा जंतुसंसर्गासाठी गोळ्या घेत असतील त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण काही औषधांमुळे ऊन लवकर बाधते.

आणि उष्माघात ही तर सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तेथे कातडीच नव्हे, तर सारे शरीर आतून तापते. ताप १०४ अंशांवर जातो, माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी कोरफड शोधीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत निजवून, जादा कपडे काढून, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले, ते आपण विसरता कामा नये. आपले मेळावे आणि कुलदैवताच्या यात्रा चैत्र-वैशाखातच असतात. त्यांची वेळ भर दुपारची ठेवू नये, मांडव आणि पाणी यांची सोय आधी करावी.

शेवटी प्रतिबंधाविषयी. शाळेत सावलीचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. तोच येथे उपयोगी पडतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उन्हात थांबू नये. मे महिन्यात कोकणपट्टीत सूर्य अगदी डोक्यावर येतो. गोव्यात महिन्याच्या आरंभी, रत्नागिरीस त्यानंतर आठवडाभराने आणि मुंबईस महिन्याच्या मध्यास अशी एक दुपार येते की उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवसांत सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सावली उंचीहून आखूड असते. तेवढा वेळ देवदर्शनाचा, जेवणाचा आणि आंबे खाण्याचा समजावा. समुद्र सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात गाठावा. अंगात लांब बाह्यांचा, दाट विणीचा सुती कपडा असावा; पांढरा विरळ सदरा भिजला की किरण आत सोडतो. डोक्यास रुंद काठाची टोपी, हाती छत्री, आणि उघड्या अंगाला एसपीएफ ३० वा अधिक असलेले सनस्क्रीन दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. ही चैन नव्हे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आजीच्या बटव्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या बटव्यात औषधांइतकाच विवेकही होता, आणि कोणते दुखणे घरचे व कोणते वैद्याचे हे आजीला ठाऊक असे. तो विवेक आपण जपू या. येत्या सुट्टीत आपली मुले समुद्रावर मनसोक्त खेळोत आणि रात्री शांत झोपोत. आणि सावळी होऊन परतली तर घरातील कोणीही त्यांच्या रंगाची चिंता न करता त्यांना गार पन्ह्याचा पेला पुढे करो, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.