बाकावरचा माणूस



पुण्याहून लोणावळ्याची लोकल तळेगावच्या अलीकडे घोरावाडीला थांबते. मागच्या पावसाळ्यात तिथल्या बाकावर एक माणूस चार-पाच दिवस दिसत होता. अंगात एकावर एक तीन शर्ट, पाय अनवाणी, मांडीवर गच्च धरलेली पिशवी. कुणी वडापाव ठेवला, तर गाडी निघून गेल्यावरच त्याला हात लावायचा. "वेडा आहे," म्हणत लोक पुढे जात. मीही गेलो. सहाव्या दिवशी बाक रिकामा होता, आणि ते अजून मनातून जात नाही.

इंग्रजांच्या 1912 च्या कायद्यात अशा भटकणाऱ्या माणसासाठी शब्द होता 'अटक'. पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वेगळं सांगतो. त्याचं कलम 100 म्हणतं, पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यावं, का घेतलं ते त्याला सांगावं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यावं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. हे पोलिसांचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही. माणसाला साखळीने बांधायलाही हा कायदा साफ मनाई करतो. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली, तेव्हा साखळ्यांत जखडलेले 28 रुग्ण मरण पावले होते.

पण अशा माणसाचं घर सापडतं का? सापडतं. घाट उतरलं की कर्जत. तिथे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यांवरून, स्टेशनांवरून अशी माणसं आणते, औषधं देते. काही आठवड्यांत एखाद्याला गावाचं नाव आठवतं, मग भावाचं, आणि कार्यकर्ते त्याला दारापर्यंत पोचवतात. डॉ. भरत वटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

पण महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं मुख्यतः चारच: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. उपचार माणसाच्या गावाजवळ मिळावेत, असं कायदा सांगतो. ते काम सरकारचं आहे आणि ते अपुरं आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आपल्या वाट्याचं काम मात्र एका फोनचं आहे. असा कुणी दिसला तर 112 ला कळवा, कलम 100 चं नाव घ्या, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. घरातच कुणाचं मन बिघडलं असेल, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.