कोको आंबतो तेव्हा

आंबवणे म्हणजे काय, हे आपल्या तिरुनागेश्वरम गावात कोणाला सांगायला नको. इथे घरोघरी रात्री इडलीचे पीठ फुगत असते. त्या आंबण्याने धान्यातले लोह, जस्त अडवून धरणारे फायटेट घटते आणि ती अंगी लागतात. म्हणून आंबवलेले ते पथ्याचे, असे आपण धरून चालतो. कोकोच्या बाबतीत मात्र हा हिशेब बराचसा उलटा आहे.

आपले कऱ्हाडी बोलणारे बांधव ज्या कासरगोड-पुत्तूर पट्ट्यात सुपारी पिकवतात, तिथे सुपारीच्या सावलीत कोको लावतात. आपल्या तमिळनाडूत पोल्लाचीकडे तो नारळाखाली वाढतो. फळ फोडले की बिया गोडसर पांढऱ्या गरात दिसतात. गरासकट त्यांचा ढीग केळीच्या पानांनी झाकतात किंवा लाकडी खोक्यांत भरतात, आणि पाच-सात दिवस मधूनमधून खालीवर करतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचा मद्यार्क करते. मग हवा शिरली की जिवाणू त्याचे ॲसिटिक आम्ल बनवतात. ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. बीमधला अंकुर मरतो, पेशी फुटतात आणि वेगवेगळ्या कप्प्यांत राहिलेली द्रव्ये एकमेकांत मिसळतात.

मिळकत आणि नुकसान दोन्ही इथेच होतात. प्रथिने तुटून जी अमिनो आम्ले सुटतात, त्यांच्यापासून पुढे भाजताना चॉकलेटचा गंध येतो. न आंबवलेले बी कितीही भाजा, ते कडू-तुरटच राहते. या गावच्या उप्पिलियप्पन देवाला बिनमिठाचा नैवेद्य चालतो. तुरट चॉकलेटला मात्र गिऱ्हाईक मिळणार नाही. पण तो तुरटपणा ज्या पॉलिफेनॉलांचा, त्यांतले एपिकॅटेचिन याच दिवसांत ऑक्सिडीकरणाने झपाट्याने घटते. थिओब्रोमिनही थोडे पाझरून जाते. बी कापून पाहिले तर जांभळा रंग जाऊन तपकिरी आलेला असतो. जांभळे राहिले तर माल कच्चा ठरतो. म्हणजे ज्या रंगाला बाजारात मान, तोच एपिकॅटेचिन गेल्याची खूण आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण रक्तवाहिन्या सैलावण्याशी ज्यांचा संबंध जोडला जातो, त्या फ्लॅव्हनॉलांतले एपिकॅटेचिन हे प्रमुख द्रव्य. पनामाच्या बेटांवरचे कुना लोक कोको भरपूर पितात आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर फारसा चढत नाही, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी नोंदवले, तेव्हापासून या संबंधाचा शोध जोरात सुरू झाला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये रोज २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉलांचा रक्तवाहिन्यांना होणारा उपयोग मान्य केला. पुढे अमेरिकेत २१,४४२ ज्येष्ठांना घेऊन ‘कॉसमॉस’ चाचणी झाली. एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिले. २०२२ मध्ये निकाल आला: हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम फरक नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी. आशा वाटावी असा हा आकडा आहे, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. शिवाय दिला होता तो कोकोचा अर्क, कॅप्सुलांतून. चॉकलेट नव्हे.

चॉकलेटच्या वेष्टनावर ‘७० टक्के कोको’ असे असते. बी किती दिवस आंबवले, किती भाजले, पूड काळसर आणि सौम्य व्हावी म्हणून तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया केली का, हे त्या आकड्यात येत नाही. आणि फ्लॅव्हनॉल किती उरले, ते या तिन्हींवर ठरते. आरोग्यासाठी कोको विकणाऱ्यांनी टक्क्याऐवजी मिलिग्रॅम छापावेत, अशी मागणी आपण ग्राहकांनी केली पाहिजे. अशा मालाला न आंबवलेले किंवा दोनच दिवस आंबवलेले बी लागेल, आणि ते वेगळे वाळवून देणाऱ्या बागायतदाराला त्याचा वेगळा दर मिळायला हवा.