मुरलेले बीड

झिजलेल्या लेथचा बेड हाताने खरवडून सरळ करणाऱ्या कारागिराला आधी एक खात्रीची सरळ पट्टी लागते. कारखान्यात तिला स्ट्रेट एज म्हणतात. बिडाची, पाठीला उंटासारखी कमान. तळाला निळा रंग चोपडून ती बेडवर फिरवायची. निळे उमटेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पट्टीच वाकडी असेल, तर सगळी मेहनत तोच बाक बेडमध्ये उतरवते.

तयार पट्टी महाग, म्हणून कित्येकजण कच्चे ओतकाम शोधतात. कोल्हापुरात फाउंड्र्या भरपूर. पण एका नगासाठी लाकडी पॅटर्न करून साचा कोण भरणार? मला त्यांचा राग येत नाही, भट्टी टनांच्या हिशेबाने चालते. आणि ताज्या बिडाचा भरवसाही नसतो. साच्यात निवताना त्याच्या आत ताण राहतो. वरचा थर मशीनवर काढला की पट्टी मुरडते. म्हणून ती पुन्हा तापवून अगदी सावकाश निववायची. पूर्वी ओतकाम महिनोन्‌महिने उघड्यावर, उन्हापावसात टाकून ठेवत. मुरणे हा शब्द लोणच्याचा, पण बिडालाही शोभतो.

जाणते लोक म्हणूनच भंगारबाजार धुंडाळतात. मोडीत निघालेल्या मशीनचे जाड, जुने बीड दिसले की हातोडीने हलकेच ठोकून नाद ऐकायचा. बद्द आवाज आला, तर आत तडा. पुढच्या ढिगाकडे वळायचे.