यादीतली ही ओळ कोणासाठी?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. प्रोजेक्टचं प्लॅनिंग करताना रिक्वायरमेंटचा माग कसा ठेवायचा, म्हणजे काम हाताबाहेर पसरत नाही. आयटीवाले याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. पण उदाहरण सॉफ्टवेअरचं नाही, पाण्याचं घेऊ. आपल्या बोर्ली पंचतनच्या आसपासच्या एखाद्या वाडीची नळयोजना.

15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं. गावात प्रत्येक घरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी. हा 55 चा आकडा मला आवडतो, कारण तो मोजता येतो. समजा, वाडीत 1,000 माणसं आहेत. रोजचे झाले 55,000 लिटर. मग टाकी केवढी, पंप किती ताकदीचा, पाइप किती जाड, हे सगळं त्या 55 पर्यंत मागे नेता येतं. कोणी म्हणालं, "टाकी दुप्पट करा", तर वाद घालायचा नाही. एवढंच विचारायचं, कुठल्या गरजेसाठी?

आणि त्याला उत्तर असू शकतं, बरं का. दिवेआगर शेजारीच आहे. मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर घरगुती खोल्या भरतात. पाहुणे गावच्या लोकसंख्येत मोजलेले नसतात, पण आंघोळ तर करतातच! ही गरज खरी आहे. फक्त ती वेगळी आहे, म्हणून वेगळ्या ओळीत लिहायची. पैसे कोण देणार, हे आधी ठरवायचं आणि मग आत घ्यायची किंवा बाहेर ठेवायची. ती गुपचूप टाकीच्या आकारात शिरली, की बजेट का वाढलं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. फोनवरच्या शीटमध्ये तीन रकाने करा. गरज कोणाची आणि काय, त्यासाठी काम कोणतं, आणि ते झालं हे तपासणार कसं.

हा तक्ता दोन्ही बाजूंनी वाचायचा. कामाकडून गरजेकडे गेलात की प्रवेशाची कमान, टाकीभोवतीच्या टाइल्स, उद्घाटनाचा चौथरा सापडतो. गरजेचा रकाना रिकामा. काढा बाहेर. बहुतेक लोक इथेच खूश होऊन थांबतात. माझ्या मते खरी कमाई उलट दिशेने वाचण्यात आहे, जिथे गरज लिहिलेली असते आणि समोर कामच नसतं.

3 जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे घेऊन. श्रीवर्धन तालुक्यात छपरं उडाली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. वीज नाही तर पंप नाही, पंप नाही तर टाकी रिकामी. म्हणजे नळ घरात असला तरी कोरडाच. आता तक्त्यात लिहून बघा, "वीज गेली तरी पिण्यापुरतं पाणी". समोर काय आहे? जनरेटर? सोलर पंप? निदान जुनी विहीर उपसून, रहाट दुरुस्त करून ठेवायचं काम तरी? काहीच नसेल, तर ती गरज फक्त बोलण्यात होती, योजनेत नव्हती.

तिसऱ्या रकान्यातही अशीच गंमत असते. "पाणी येतं का?" हे ऑगस्टमध्ये तपासलं तर प्रत्येक योजना पास! कोकण आहे बाबा. तपासणी मे महिन्यात लावा. किनाऱ्याजवळच्या विहिरी तेव्हा खाऱ्या होऊ शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. तो आकडा लिहा, "चांगलं पाणी" असं नको.

जनरेटर घातला तर खर्च वाढतो, हे खरंच. पण आता ग्रामसभेत शीट उघडून दाखवता येतं, की ही ओळ वादळासाठी आहे, ती ओळ कमानीची आहे, आणि पैसे एकीचेच आहेत.

भेटू पुढच्या भागात.