हिशेब जुळला, माणसे गेली

(किनवट येथे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजचा विषय कळल्यावर एका तरुण मित्राने मला विचारले, ‘सर, किनवटच्या माणसाने पोर्तुगालचा विचार कशाला करायचा?’ प्रश्न रास्त आहे. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या जवळपास दीडपट. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार १ कोटी ३ लाख. मराठवाड्याची २०११ मध्येच १ कोटी ८७ लाख होती. पण एवढ्याशा देशाने आपल्या शेजारच्या गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी त्या राज्याला आव्हान दिले. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे, मधु लिमये यांनी तिथला तुरुंग भोगला. त्यांना तुरुंगात घालणाऱ्या राजवटीचे घरात काय चालले होते, हे समजून घेण्यासाठी मी आज उभा आहे.

त्या राजवटीचा सूत्रधार सालाझार हा माझ्याच पेशातला. कोइंब्रा विद्यापीठात तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १९२६ च्या लष्करी उठावानंतर सेनाधिकाऱ्यांना राज्याचा हिशेब जमेना, तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी त्याला अर्थमंत्री केले. खर्चावर संपूर्ण ताबा मिळाला तरच पद स्वीकारीन, ही त्याची अट होती. त्याने वर्षभरात अंदाजपत्रकातील तूट भरून काढली. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ मध्ये आजाराने अंथरुणाला खिळेपर्यंत त्या पदावर राहिला. पक्षांना बंदी, वृत्तपत्रांवर नियंत्रण, गुप्त पोलिसांचा पहारा, संपाला मज्जाव, अशी ती व्यवस्था होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार केला पाहिजे. तिजोरीत शेकडो टन सोने होते, चलन स्थिर होते, आणि १९७० मध्ये देशातील सुमारे चौथा हिस्सा माणसे निरक्षर होती. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पन्नासहून अधिक वर्षाच्या आत दगावत होती. १९६१ पासून अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथील वसाहती राखण्यासाठी युद्धे सुरू झाली आणि सरकारी खर्चाचा मोठा वाटा त्यांत जाऊ लागला. युद्धावर जायचे नाही आणि गावात काम नाही, म्हणून लाखो तरुण चोरवाटांनी फ्रान्सला गेले. ताळेबंद जुळला, पण ज्यांच्यासाठी तो जुळवायचा ती माणसेच निघून गेली. निजामाच्या खजिन्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या भागाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी ही राजवट उलथवली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल फुले खोवली. बरोबर एका वर्षाने घटना समितीची निवडणूक झाली आणि १९७६ मध्ये नवी राज्यघटना आली. समाजवादी समाजाकडे वाटचाल करण्याचा उल्लेख तिच्या प्रास्ताविकात आजही आहे. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये, म्हणजे स्वतः मुक्त झाल्यावरच. ज्या राज्यात प्रजा बंदिवान असते त्याला दुसऱ्याला मोकळे करता येत नाही, हाच याचा अर्थ.

आजच्या व्यवस्थेत संसदेचे २३० सभासद प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडले जातात. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनता करते, पण कारभार संसदेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ पाहते. १९७९ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. बालमृत्यूचे प्रमाण आज हजारी तीनच्या आसपास आले आहे. हे काम सोन्याच्या साठ्याला जमले नव्हते.

अर्थात, सर्वच साधले असे नाही. दक्षिणेकडील आलेंतेजू प्रांतात भूमिहीन मजुरांनी १९७५ मध्ये मोठमोठ्या जमीनदाऱ्या ताब्यात घेऊन सहकारी शेती उभी केली. १९७७ मध्ये कायदा करून हे पाऊल मागे घेण्यास सुरुवात केली ती समाजवादी पक्षाच्याच सरकारने. ही गोष्ट आपण समाजवाद्यांनी झाकून ठेवू नये. १९८६ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश मिळाला, रस्ते झाले, पैसा आला. पण २०११ मध्ये कर्जाचा बोजा असह्य होऊन ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. अटी म्हणून पगार आणि निवृत्तिवेतने कापली गेली आणि तरुण पुन्हा परदेशी निघाले. २०१५ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेले आंतोनियो कोस्टा यांचे पितृघराणे गोव्याचे. डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर त्यांनी ती कपात बरीचशी मागे घेतली. घरांच्या किमती मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या.

आज त्याच आलेंतेजूच्या शेतांत भारत, नेपाळ, बांगलादेश इथून गेलेले मजूर राबतात. आणि मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध राग पेटवणारा पक्ष जागांच्या हिशेबात दुसऱ्या क्रमांकावर आला. ज्यांचे आजोबा चोरवाटांनी फ्रान्सला गेले, त्यांच्यापैकी अनेक नातवांनी हे मत दिले असणार. विस्मरण हे राजकारणातले सर्वांत स्वस्त भांडवल आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. जगातील बुचाचे निम्मे उत्पादन एकट्या पोर्तुगालमध्ये होते. बुचाचे झाड तोडत नाहीत. नऊ वर्षांतून एकदा त्याची साल सोलतात आणि सोललेल्या सालाचा शेवटचा अंक खोडावर रंगवतात. पुढची सोलणी कधी, हे मजुराला तो अंक पाहूनच कळते. पहिली साल मिळायला पंचवीस वर्षे लागतात, म्हणून झाड लावणारा ते मुलासाठी लावतो.

आपल्या किनवटच्या जंगलातला साग कोणासाठी तुटला, याचा हिशेब कुठल्या खोडावर लिहिलेला नाही. दिवाळीनंतर तांड्यावरून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचा, हैदराबाद-पुण्याला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचाही हिशेब कुठल्या अंदाजपत्रकात सापडत नाही. यापुढे कोणी तुम्हाला शिलकीचे अंदाजपत्रक दाखवले, तर त्याला एवढेच विचारा : गावात शिल्लक किती माणसे राहिली?