‘टेन्शन’ या एका शब्दात दडलंय काय?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)





कुंभकोणमला राहणारी आपण मराठी माणसं दोन भाषांत जगतो. घरात मराठी, दुकानात तमिळ. पोट दुखलं तर ‘वयिरु वलिक्कुदु’ असं डॉक्टरांना सांगता येतं. मन दुखलं तर मात्र मराठीतही एकच शब्द, ‘टेन्शन’! परीक्षा आली, टेन्शन. सोन्याचा भाव पडला, टेन्शन. महिनाभर झोप नाही, तरी टेन्शनच. पण दुखणी निरनिराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत.

पहिला शब्द ताण. काम मोठं आणि बळ अपुरं वाटलं की ताण येतो. थोडा ताण उपयोगीच. त्याशिवाय अभ्यास होत नाही की दिवाळीच्या ऑर्डरी वेळेवर जात नाहीत. काम संपलं की तो बहुधा उतरतो.

दुसरा शब्द चिंता. जे अजून घडलेलंच नाही, त्याची धास्ती. कधी ती एकदम उसळते. छाती धडधडते, घाम फुटतो, आता मरणार असं वाटतं आणि काही मिनिटांत शिगेला पोचून ती ओसरू लागते. अशा वेळी आधी हृदयाची तपासणी करावीच. ती नीट निघाली तर ‘नाटक करतो’ असं मात्र म्हणू नये.

तिसरा शब्द मंत्रचळ. दुकानाचं कुलूप दोनदा ओढून पाहणं ही सावधगिरी. पुन्हा पुन्हा तपासण्यात किंवा हात धुण्यात तास जातात, नको असं स्वतःला कळतं, तरी थांबता येत नाही, तो मंत्रचळ.

चौथा शब्द आघात. १६ जुलै २००४ रोजी आपल्या याच गावात शाळेला आग लागून ९४ मुलं गेली. असं काही पाहिलेल्या माणसाला वर्षांनंतरही धुराच्या वासानं किंवा ती तारीख जवळ आली की तेच पुन्हा घडतंय असं वाटू शकतं. ‘आता विसरा’ म्हणून ते विसरलं जात नाही. ऐकून घेणारं माणूस आणि उपचार, दोन्ही लागतात.

पाचवा शब्द नैराश्य. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास, कशात गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली आणि सगळं आपल्यामुळेच झालं असा अपराधभाव. तमिळमध्ये ‘मन अळुत्तम्’ हा शब्द ताणालाही वापरतात आणि नैराश्यालाही. म्हणून डॉक्टरांना नुसता शब्द सांगू नका. किती दिवस, झोप कशी, जेवण कसं, ते सांगा.

आपल्यातले बरेच जण गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून आलेले. गावाकडून विशीतला पोरगा येतो. भाषा नवी, खोली चौघांची, घर हजार किलोमीटरच्या आसपास. तो जेवेनासा, बोलेनासा झाला की आपण म्हणतो, ‘घरची आठवण येतेय, रुळेल.’ बहुतेक रुळतात. एखादा रुळत नाही. शेटजी, भाऊ, काका या नात्यानं त्याला जवळ बसवून विचारा. ‘जगू नये असं वाटतं का रे?’ हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट मनावरचं ओझं हलकं होतं. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका.

तंजावरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस सुरू आहे. नवस बोला, अंगारा लावा. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आजच्या आरतीनंतर आपल्या दुकानातल्या गप्प गप्प राहणाऱ्या माणसाशेजारी प्रसादाला बसा, एवढीच विनंती.

मंगलमूर्ती मोरया!